मेसेज एकदाच बनवला, आणि सगळ्यांच्या स्लिपा सगळ्यांना गेल्या

‘दिवसभराचं काम १० ओळींत!’ अशा मथळ्याचं एक फॉरवर्ड सध्या फिरतंय. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट, खाली सहा टिप्स, शेवटी हात जोडलेली इमोजी. एक्सेलच्या यादीतल्या प्रत्येकाला त्याची त्याची पीडीएफ जोडून मेल आपोआप जाणार म्हणे. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण हे माझ्या मामेबहिणीपर्यंत पोचलं. ती अकाउंट्सला आहे, दर महिन्याला ८० जणांच्या पगाराच्या स्लिपा हाताने पाठवते. ‘दादा, स्वतःला पाठवून बघितलं, मस्त चाललं. उद्या सगळ्यांना सोडू का?’

नको सोडूस. आणि ज्यांनी ज्यांनी हे पुढे ढकललंय त्यांनी निदान पहिली टिप तरी नीट वाचावी.

ती टिप अशी: ‘मेसेज आणि सर्व्हरची जोडणी लूपच्या बाहेर एकदाच बनवा, लूपमध्ये फक्त पत्ता आणि फाइल बदला. स्पीड दसपट!’ लूप म्हणजे यादीतल्या प्रत्येकासाठी पुन्हा पुन्हा चालणारा कोडचा भाग. टिपमधलं अर्धं बरोबर आहे, तेवढं नाइलाजाने मान्य करतो. सर्व्हरची जोडणी एकदा उघडून तिच्यावरून एकामागून एक मेल पाठवणं हीच योग्य रीत आहे. दर मेलला नव्याने लॉगिन केलं तर वेळ जातो आणि काही सर्व्हर वैतागून दारही बंद करतात. पण मेसेज? मेसेज लूपच्या बाहेर ठेवला की ‘फाइल बदला’ असं काही होतच नाही. अटॅच म्हणजे जोडणे. आधीची फाइल जागेवरच राहते, तिच्या शेजारी दुसरी येऊन बसते.

म्हणजे पहिल्या माणसाला त्याची स्लिप जाते. दुसऱ्याला पहिल्याची आणि स्वतःची. विसाव्याला २०. यादीत शेवटी जो असेल त्याला अख्ख्या ऑफिसचा पगार घरपोच. हिशेब करा: ८० स्लिपा जायला हव्यात तिथे ३,२४० जातात, आणि त्यातल्या ३,१६० दुसऱ्याच कोणाच्या तरी असतात. स्वतःला एकदा पाठवून बघितलं तर यातलं काहीच दिसत नाही, कारण पहिला मेल नेहमी बरोबरच असतो. फॉरवर्डवाल्यानेही तेवढंच तपासलेलं दिसतंय.

पत्त्याचं दुखणं तर याहून छुपं. फॉरवर्डमध्ये मेसेज बनवायला माइममल्टिपार्ट हा पायथनमधला जुना साचा वापरलाय. त्यात ‘टू’ला, म्हणजे मेल कोणाला ते सांगणाऱ्या ओळीला, नवी किंमत दिली की जुनी पुसली जाईल असं कोणालाही वाटेल, कारण पायथनची डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांची यादी) तशीच वागते. इथे तसं होत नाही. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच लिहिलंय की अशाने त्याच नावाचं आधीचं हेडर (मेलच्या डोक्यावरची ‘टू’सारखी ओळ) बदललंही जात नाही आणि काढलंही जात नाही. एकच हवं असेल तर आधीचं स्वतः डिलीट करा. म्हणजे दर फेरीला आणखी एक ‘टू’ची ओळ. मेल कोणाकडे न्यायचा हे स्क्रिप्ट सर्व्हरला वेगळं सांगते, म्हणून तो पोचतो एकाच माणसाकडे. पण त्याच्या हेडरमध्ये आधीच्या सगळ्यांचे पत्ते रांगेने उभे असतात.

उपाय एका ओळीचा आहे: मेसेज बनवायची ओळ उचलून लूपच्या आत टाका. आणि जुना प्रकार सोडून ईमेलमेसेज हा क्लास, म्हणजे नवा साचा, वापरा; पायथन ३.६ पासून तो पक्का झालाय. त्याला दुसऱ्यांदा ‘टू’ दिलात तर तो तिथेच एरर देऊन थांबतो. म्हणजे ओळ बाहेर राहिलीच, तरी पहिला बरोबर मेल जाऊन गाडी बंद पडेल, ७९ जणांना चुकीचं काही जाणार नाही. चाचणी करायची तर आपल्याच तीन पत्त्यांवर तीन वेगळ्या स्लिपा पाठवा आणि तिसरा मेल उघडून अटॅचमेंट मोजा.

या स्क्रिप्टमध्ये आणखी एक रत्न दडलंय, ज्याचा टिप्समध्ये उल्लेखही नाही. कोणाची फाइल कोणती हे ठरवलंय कसं, तर यादीतल्या पहिल्या माणसाला फोल्डरमधली पहिली फाइल, दुसऱ्याला दुसरी. फोल्डरची यादी देणारं पायथनचं लिस्टडिर हे फंक्शन कुठल्याही ठरावीक क्रमाची हमी देत नाही, हेही त्याच दस्तऐवजात आहे. स्वतः क्रम लावला तरी नावाप्रमाणे लावल्यावर १० नंबरची फाइल २ नंबरच्या आधी येते. एक्सेलमध्ये फाइलच्या नावाचा वेगळा कॉलम करा, फाइल सापडली नाही तर त्या माणसाला मेल पाठवू नका. एवढ्यासाठी दोन ओळी वाढल्या तर वाढू देत. १० ओळींची कसली पैज लागलीय?

बाकीच्या टिप्स भरभर उरकतो.

‘जीमेलचा नेहमीचा पासवर्ड टाका आणि कमी सुरक्षित ॲप्स चालू करा.’ वैयक्तिक खात्यांसाठी गूगलने ही सोय ३० मे २०२२ पासून बंद केली. आता टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. तोही स्क्रिप्टमध्ये लिहू नका. स्क्रिप्ट अशीच कोणाला तरी फॉरवर्ड होते, हे वेगळं सांगायला नको.

‘फाइल अडली तर पासवर्डवाली झिप करा आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहा.’ कुलपालाच किल्ली लटकवण्याचा हा प्रकार. ज्याच्या हाती मेल पडला त्याच्या हाती सगळंच पडलं. वर व्हायरस तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला आतलं दिसत नाही, आणि इमोटेट नावाच्या मालवेअरने नेमक्या याच युक्तीने लोकांच्या संगणकात शिरकाव केला होता. जपानमध्ये तर झिप एका मेलने आणि पासवर्ड दुसऱ्या मेलने पाठवण्याची रीतच पडली होती. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथल्या डिजिटल मंत्र्यांनी मंत्रिमंडळ कार्यालयापुरती ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथे निदान दोन मेल तरी करत होते.

‘एरर आली नाही म्हणजे मेल पोचला.’ नाही. सर्व्हर २५०, म्हणजे ‘ठीक आहे’चा कोड, देतो तेव्हा त्याने मेल पुढे नेण्याची जबाबदारी घेतलेली असते, इतकंच. पत्ता चुकीचा असेल तर ‘पोचला नाही’ची चिठ्ठी नंतर मेलनेच परत येते, आणि ती स्क्रिप्ट वाचत नाही, तुम्हालाच इनबॉक्समध्ये बघावी लागते. शिवाय एकाच मेलला अनेक पत्ते दिले आणि त्यातले सगळे नव्हे, काही पत्तेच नाकारले गेले, तर मेल पाठवणारं पायथनचं सेंडमेल फंक्शन एरर देत नाही. नाकारलेल्यांची यादी तेवढी परत करतं. फॉरवर्डमधला कोड ती यादी बघत नाही.

‘२५ एमबीपर्यंत काहीही जातं.’ जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे हे खरं, पण समोरच्याचा सर्व्हर जीमेलच असेल असं नाही. पोस्टफिक्स या प्रचंड वापरातल्या सर्व्हरची मूळ सेटिंग १,०२,४०,००० बाइट्सची, आणि त्यात मोजला जातो तो संपूर्ण मेल. मेलमध्ये फाइल जाते ती बेस६४ रूपात, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून. त्यात दर ३ बाइट्सची ४ अक्षरं होतात, ओळी तोडण्याचा खर्च धरून फाइल साधारण ३७ टक्क्यांनी फुगते. म्हणजे तिथे साडेसात एमबीच्या आतच थांबावं लागतं. गंमत म्हणजे १०० केबीची एक स्लिप धरली, तर पहिल्या टिपमधला फुगत जाणारा मेल अशा सर्व्हरवर पंचाहत्तरीच्या आसपास ५५२ (‘मेल फार मोठा’ची एरर) खाऊन थांबेल, आणि लोक पीडीएफ लहान करायच्या मागे लागतील.

‘फाइलचं नाव इंग्रजीतच ठेवा, मराठी नाव मेलमध्ये चालत नाही.’ हेडर हाताने लिहिलं तर नाव बिघडू शकतं, इतपत खरं. पण इंग्रजीबाहेरच्या लिपीतली फाइलनावं मेलमध्ये कशी लिहायची याचा नियम, आरएफसी २२३१, १९९७ सालीच आलाय. ईमेलमेसेजच्या ॲड अटॅचमेंट या फाइल जोडणाऱ्या फंक्शनला फाइलनेम म्हणून ‘पगार-जून.pdf’ असं नाव सरळ देवनागरीत द्या, पुढचं ते बघून घेतं.