अर्धी गोळी आणि अख्खं घर

सोफ्यावर तांदळाचे दाणे दिसले तेव्हा आईने आधी माझ्याकडे पाहिलं. घरातली सांडलवंड मीच करतो, हा ठराव आमच्याकडे कधीच एकमताने पास झालाय. मी निमूटपणे दाणा चिमटीत धरायला वाकलो, तर तो हलला. आखडला, लांब झाला आणि उशीच्या दिशेने निघाला.

आईची किंकाळी ऐकून शेजारच्या काकू आल्या. सोफ्यावर पंत झोपलेले. पंत म्हणजे आमचे बोकोबा. त्यांची शेपूट उचलून पाहिली, तर केसांना आणखी दोन दाणे चिकटलेले, वाळून तिळाएवढे झालेले.

"जंत!" आजीने बसल्या जागी निदान केलं. "वावडिंग द्या."

काकूंचं मत आधुनिक. १० फेब्रुवारीला शाळेत पोरांना जंताची गोळी देतात, त्यातली अर्धी द्यायची. सुदैवाने आम्ही डॉक्टरीणबाईंना आधी फोन केला. माणसांची ती अल्बेंडाझोल मांजराच्या अस्थिमज्जेला बाधू शकते, असं त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, त्यानंतर काकूंनी विषय बदलला.

दवाखान्यात कळलं की आमचे दाणे म्हणजे पट्टकृमीचे सुटे तुकडे. एकेक तुकडा म्हणजे अंड्यांचं पाकीट. ती अंडी पिसवांच्या अळ्या खातात, अळीची पिसू होते, पंत अंग चाटताना ती गिळतात आणि पोटात नवा पट्टकृमी. म्हणजे दिवसाचे चार तास चालणारी ती स्वच्छता, जिचं कौतुक आई पाहुण्यांना सांगते, तीच या सगळ्याच्या मुळाशी! मी शी तपासायला डबीत भरून नेली होती, रिक्षात मांडीवर सांभाळत. त्यात काहीच दिसलं नाही. तुकडे अख्खेच बाहेर पडतात, त्यामुळे अंडी सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळदा सापडत नाहीत; डोळ्यांनी दिसलेला दाणा हाच पुरावा. (पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना गोलकृमी आईच्या दुधातूनच मिळतात. हातपाय काडी आणि पोट टम्म असलं की लोक 'काय गुटगुटीत आहे' म्हणतात.)

औषध वजनावर ठरतं. पंत काट्यावर उभे राहीनात, म्हणून मी त्यांना घेऊन उभा राहिलो, मग एकटा. वजाबाकी साडेचार किलो. माझा आकडा मात्र कंपाउंडरने उगाच मोठ्याने वाचला.

अर्धी गोळी. एवढीशी. पहिल्यांदा ती बांगड्यात लपवली. पंतांनी बांगडा संपवला, काटे बाजूला काढले आणि गोळी चाटूनपुसून ताटलीच्या कडेला ठेवली. मग टॉवेल आला. बाबांनी पंतांना गळ्यापर्यंत गुंडाळलं, मी मान मागे कलती केली, जबडा उघडला, गोळी जिभेच्या पार मागे टाकली, तोंड मिटलं, गळा चोळला. बिनसुईच्या सिरिंजने थोडं पाणीही पाजलं, कारण कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकू शकते. पंतांनी नाक चाटलं. नाक चाटलं म्हणजे गिळलं, असं बाईंनी सांगितलेलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पंत संथ पावलांनी पडद्यामागे गेले आणि 'थू' असा स्पष्ट मराठी आवाज आला.

तीच ओली गोळी दुसऱ्या प्रयत्नात गेली. बाबांच्या मनगटावर त्याची पावती आहे.

पण खरा त्रास पिसवांचा. त्या राहिल्या तर महिन्याभरात पुन्हा तांदूळ, असं बाईंनी बजावलेलं. पंतांच्या मानेवर थेंब घातले, तेही मांजराचेच. काकूंकडे कुत्र्याची उरलेली बाटली होती, पण त्यातलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं. मग चादरी गरम पाण्यात, गाद्या उन्हात, दिवाणाखाली व्हॅक्युम. दिवाळीतही न निघालेले चष्मे, बिलं आणि बाबांची कवळी निघाली.

आता दर तीन महिन्यांनी गोळी. बाईंनी जाता जाता एवढंच म्हटलं होतं की पिसू चुकून लहान मुलाच्या पोटात गेली, तर त्यालाही हा कृमी होऊ शकतो. आजीला अख्ख्या भेटीतलं तेवढंच ऐकू आलं. तिने रात्री वावडिंगाचा काढा उकळला आणि वयाचा विचार न करता सगळ्यांना रांगेत बसवलं. काढा भयंकर तुरट होता. पंत फ्रिजवर बसून बघत होते. आमच्यापैकी कुणालाही टॉवेलात गुंडाळावं लागलं नाही.