जोगला पाणी बघायचं तर पावसाळ्यातच
पुणे-कन्याकुमारी सायकलवारीत डिसेंबरात तुम्ही वाट वाकडी करून कर्नाटकातल्या जोगला गेलात आणि धबधबा जेमतेम दिसला, हे वाचून हळहळलो. वर लिंगनमक्की धरण आहे ना! १९६४ पासून शरावती नदीचं पाणी आधी विजेला, उरलं तर राजा-राणीला, म्हणजे धबधब्याच्या धारांना. २५३ मीटरचा कडा कोरडाही बघण्यासारखा आहे म्हणा. ऑगस्टात धो धो असतो, पण धुकं हटेपर्यंत चहा पीत बसायचं. आम्ही होन्नावरहून गेरसोप्पा घाटाने चढलो. चढाचं काही नाही, पण वळणावर अंगावर येणाऱ्या बस! (हॉर्न ऐकला की मुकाट कडेला उतरायचं.) परतताना ब्रेक पॅड तपासा, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला दाबणारे) असतील तर ओल्या उतारावर रबर साबणासारखं झिजतं, रिमवर काळा चिखल होतो. आणि पॅनिअरमध्ये (सायकलच्या बाजूच्या पिशवीत) केळी नकोत, माकडं पिशवीची चेन ओढून उघडतात.