वाचन म्हणजे अंदाज नव्हे
इंग्रजी वाचायला शिकणाऱ्या लहान मुलाकडून ए ते झेड तोंडपाठ करून घेण्याची घाई बहुतेक घरांत दिसते. पण सी, ए, टी ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ हा शब्द निघत नाही. तो ‘क्’, ‘ॲ’, ‘ट्’ हे ध्वनी सलग जोडल्यावरच निघतो. म्हणून अक्षराच्या नावाआधी त्याचा ध्वनी शिकवावा, असे माझे ठाम मत आहे.

अनेक फोनिक्स (म्हणजे अक्षरांचे ध्वनी जोडून वाचायला शिकवणारे) अभ्यासक्रम एस, ए, टी, पी, आय आणि एन या अक्षरांपासून सुरू होतात, कारण एवढ्यावरच सॅट, पिन, टॅप, नॅप असे कितीतरी शब्द मुलाला स्वतःचे स्वतः वाचता येतात. इंग्रजीत अक्षरे २६ असली तरी ध्वनी सुमारे ४४ आहेत. ‘एस’ आणि ‘एच’ मिळून होणाऱ्या ‘श्’सारख्या जोड्या त्यामुळे शिकवाव्याच लागतात, पण त्या मागाहून. उच्चार मात्र पहिल्या दिवसापासून नेमका हवा. ‘ब्’ऐवजी ‘ब’ शिकवला, तर तो जास्तीचा ‘अ’ प्रत्येक जोडणीत आडवा येतो आणि मूल ‘बॅट’पर्यंत पोहोचतच नाही. (‘स्’ आणि ‘म्’ लांबवता येतात, त्यामुळे जोडणीचा सराव त्यांच्यापासून सोपा जातो.)

मला सर्वाधिक काळजी वाटते ती चित्र पाहून शब्द ओळखायला लावण्याच्या सवयीची. चित्रातला घोडा पाहून ‘पोनी’च्या जागी ‘हॉर्स’ म्हणणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो, पण त्याने अक्षरांकडे पाहिलेलेच नसते, आणि चित्रे नसलेले पुस्तक हाती येते तेव्हा ते अडते. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीतल्या मुलांची जी फोनिक्स चाचणी होते, तिच्या ४० शब्दांपैकी निम्मे मुद्दाम अर्थहीन असतात, कारण तिथे अंदाज चालत नाही. मूल अडखळले की लगेच शब्द सांगून टाकू नये. बोट अक्षराखाली ठेवून ध्वनी जोडायला त्याला वेळ द्यावा.

‘सेड’, ‘वॉझ’ यांसारखे शब्द नियमात पूर्ण बसत नाहीत हे खरे, पण त्यांतलाही फक्त बेशिस्त भाग वेगळा दाखवला की पुरते.

आणि हे सारे करताना गोष्टी वाचून दाखवणे मुळीच थांबवू नये. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडल्याप्रमाणे वाचनाचे आकलन हा शब्द उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. फोनिक्स पहिली बाजू सांभाळते, दुसरी गप्पांतून आणि गोष्टींतूनच वाढते.