जाळी नव्हे, मांडव!

शरीरात नवी ऊती वाढवण्यासाठी वापरायच्या हायड्रोजेलवरचा (पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जेलवरचा) तुमचा लेख आवडला, पण त्यात हायड्रोजेलला नुसती 'पेशी धरून ठेवणारी जाळी' म्हटलंय, ते खटकलं. आमच्या नाशिककडे द्राक्षाचा वेल मांडवाच्या तारा जातील तसा पसरतो. मूळपेशींचंही (ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडतात त्यांचंही) काहीसं तसंच आहे. २००६ साली एंगलर आणि डिशर या संशोधकांच्या गटाने दाखवलं की, जेल मेंदूइतकं मऊ ठेवलं तर अस्थिमज्जेतल्या मूळपेशी चेतापेशींकडे झुकतात, स्नायूइतकं (साधारण १० किलोपास्कल) घट्ट केलं तर स्नायूंकडे आणि आणखी कडक केलं की हाडाकडे. रसायनं तीच, फरक फक्त ताठरपणाचा!

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकवते. सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शैवालातून मिळणाऱ्या पदार्थाच्या) द्रावणाचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की जेलचे साबुदाण्यासारखे मणी होतात. दोन मिनिटांत काढलेला मणी चिमटीत फुटतो, अर्ध्या तासाचा दाबूनही टिकतो. मुलांना ताठरपणा म्हणजे काय ते बोटांनाच कळतं.

मात्र मांडवाची उपमा एका जागी तुटते. मांडव वर्षानुवर्षं उभा राहतो, हे जेल विरघळायला हवं, तेही पेशी स्वतःची ऊती विणतील त्याच वेगाने. लवकर विरलं तर आकार ढासळतो, रेंगाळलं तर पेशी कोंडतात. शिवाय रक्तवाहिनीपासून २०० मायक्रोमीटरपलीकडे ऑक्सिजन नीट पोचत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरची मोठी पोकळी चरबीच्या ऊतीने भरायची तर खरी अडचण इथेच आहे. माझ्या बहिणीची ती शस्त्रक्रिया झालीय, म्हणून विचारते: पुढच्या लेखात रक्तवाहिन्यांबद्दल सविस्तर लिहाल का?