जपानचे सगळे डोंगर ताकाओ नाहीत

जपानची सहल ठरवणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक सल्ला भरपूर फिरतो. त्याचा आशय असा: टोकियोजवळच्या डोंगरात एक दिवस जाऊन या, तयारी काही लागत नाही. ट्रेन पायथ्याशी सोडते, वर वेंडिंग मशीन आणि खाण्याची दुकानं आहेत, साधे बूट चालतात. जागोजागी पाट्या असल्यामुळे वाट चुकत नाही आणि अगदीच काही झालं तर हेलिकॉप्टर येतं. ज्याने पावसाळ्यात सह्याद्री पायाखाली घातलाय, त्याच्यासाठी तर ही बागेतली फेरी. जमलं तर फुजीसुद्धा एका दिवसात उरकता येतो.

जपानच्या डोंगरांत जावं, जरूर जावं. पण या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एकाच डोंगराचं आहे, आणि तो म्हणजे ताकाओ. उंची 599 मीटर. शिंजुकूहून ट्रेन तासाभरात थेट पायथ्याला आणते, अर्ध्या वाटेपर्यंत केबल कार आहे, मुख्य वाट बरीचशी फरसबंद आहे आणि माथ्यावर गरम नूडल्स मिळतात. तिथे आजी-आजोबांना खुशाल न्या. ताकाओवरचं वर्णन उचलून बाकीच्या डोंगरांना चिकटवलं, की मात्र घोळ होतो. टोकियोहून तितक्याच सहज जाता येणारा तान्झावा डोंगररांगेतला तोनोदाके घ्या. शिबुसावा स्टेशनवरून बसने ओकुरा गाठायचं आणि तिथून सात किलोमीटरांत सुमारे 1,200 मीटर चढायचं. तेवढंच परत उतरायचं, तेही बहुतेक पायऱ्यांनी, म्हणजे गुडघ्यांची परीक्षा उतरताना. केबल कार नाही. आणि ताकाओवरसुद्धा दरवर्षी शंभराच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसांना बचाव पथकाची मदत लागते, हे त्या सल्ल्यात कुठेच नसतं.

सह्याद्रीच्या अनुभवाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपली माणसं तिथेच फसतात. सह्याद्री पाय तयार करतो, दम तयार करतो, यात वाद नाही. पण तो दोन गोष्टी शिकवत नाही: लवकर पडणारा अंधार आणि जीव घेणारी थंडी. मुंबईत डिसेंबरातही सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. टोकियोत त्याच दिवसांत साडेचारला मावळतो, आणि जपानी देवदाराच्या दाट लागवडीत त्याच्या बरंच आधी दिसेनासं होतं. सकाळी आरामात नाश्ता करून दहाला चढायला लागलात, तर उतार अंधारात करावा लागणार. त्यात गावाकडच्या बसगाड्या मोजक्या, आणि शेवटची बरेचदा संध्याकाळ पडतानाच सुटते. जपानी नकाशांवर प्रत्येक टप्प्याचा वेळ छापलेला असतो, पण त्यात विश्रांती, फोटो, जेवण धरलेलं नसतं. तीन वाजता पायथ्याशी पोचायचं, असा हिशोब धरून सकाळी निघा, आणि हेडटॉर्च तरीही पिशवीत असू द्या.

आता थंडी. टोकियो शहरच श्रीनगरपेक्षा उत्तरेला आहे. टोकियोच्या उत्तरेला नासूच्या डोंगरात रोपवे आहे, शाळकरी मुलं जातात, पानगळीचे रंग बघायला गर्दी होते. 2023 च्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्याच आसाही शिखराजवळ चार जण सोसाट्याच्या वाऱ्यात गारठून मेले. शिखराची उंची 1,896 मीटर, कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरच जास्त. बर्फाचा मोसमही नव्हता. आपल्याकडे पावसात चिंब भिजून दिवसभर चालता येतं, ती आपल्याला गंमत वाटते. तिथे ओला सुती टी-शर्ट आणि वारा एवढं पुरतं. म्हणून सुती कपडा नको, आणि वारा अडवणारं जॅकेट ऊन पडलेलं असलं तरी सोबत हवं.

‘पाट्या असतात, वाट चुकत नाही.’ जपानच्या पोलिसांची आकडेवारी याच्या नेमकी उलट आहे. 2023 मध्ये डोंगरांत 3,568 जण अडचणीत सापडले आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण वाट चुकणं हेच होतं, साधारण एक तृतीयांश. का चुकतात? युद्धानंतर तिथल्या डोंगरउतारांवर जपानी देवदार आणि सायप्रसची प्रचंड लागवड झाली. त्या झाडीत कामगारांच्या पायवाटा फुटतात, आणि त्या खऱ्या वाटेइतक्याच मळलेल्या असतात. झाडांना बांधलेली गुलाबी फीत बघून आपण निर्धास्त होतो, पण ती अनेकदा लाकूडकामाची खूण असते. आडबाजूच्या पाट्या फक्त जपानीत असतात. आणि चुकल्यावर आपली सवय घात करते. ओढ्याच्या काठाने खाली गेलं की गाव लागतंच, असं आपण धरून चालतो, कित्येक जण हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या घळीतून चढले-उतरलेले असतात. तिथल्या अरुंद दऱ्या धबधब्यांच्या कड्यांवर संपतात, आणि खोल गेल्यावर फोनलाही रेंज राहत नाही. चुकलात तर आल्या वाटेने मागे फिरा, ते जमत नसेल तर वर धारेकडे चढा. नकाशा आदल्या रात्रीच फोनमध्ये उतरवून ठेवा, आणि बॅटरी पुरेल याची तजवीज करा.

जनावरांचा उल्लेख सल्ल्यात नसतोच. होन्शू या मुख्य बेटाच्या जंगलात काळी अस्वलं आहेत, उत्तरेच्या होक्काइदो बेटावर त्यांच्याहून मोठी तपकिरी. एप्रिल 2023 ते मार्च 2024 या वर्षात अस्वलांच्या हल्ल्यात 219 जण सापडले, सहा दगावले. पिशवीला घंटी बांधतात ती यासाठी. तान्झावात उन्हाळ्यात जळवा असतात. त्यांची मात्र आपल्याला सवय आहे.

ज्वालामुखीबद्दल थोडं. आपला कातळही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. जपानमध्ये 111 ज्वालामुखी जिवंत धरले जातात. 27 सप्टेंबर 2014 ला, शनिवारी, ऐन जेवणाच्या वेळी ओन्ताके फुटला. माथ्याजवळ सहलीला आलेली माणसं होती. 58 मेले, पाच आजवर सापडले नाहीत. इशाऱ्याची पातळी त्या दिवशी सर्वांत खालची होती. निघण्याआधी जपानच्या हवामान खात्याचं पान उघडून पातळी बघणं एवढं तरी आपल्या हातात आहे.

फुजी एका दिवसात? मोसम साधारण जुलै ते सप्टेंबरची सुरुवात एवढाच. रात्रभर न थांबता चढून सूर्योदय गाठण्याच्या हट्टापायी इतके जण आजारी पडायला लागले, गर्दीही इतकी वाढली, की 2024 पासून योशिदा वाटेवर फाटक आलं. 2025 पासून सगळ्या वाटांवर 4,000 येन शुल्क आहे, आणि वरच्या निवाऱ्यात जागा राखून ठेवलेली नसेल तर दुपारी दोन ते पहाटे तीन प्रवेश बंद.

उरलं हेलिकॉप्टर. ते धुक्यात येऊ शकत नाही. साइतामा प्रांतात 2018 पासून ठरावीक डोंगरांवरून उचलून नेल्याचे पैसे घेतले जातात, उड्डाणाच्या दर पाच मिनिटांच्या हिशोबाने. तुमच्या प्रवास विम्यात डोंगरातली सुटका धरली आहे का, हे निघण्याआधी वाचा. आणि चढाईची सूचना भरा: नाव, वाट, परतण्याची वेळ. मोठ्या वाटांच्या तोंडाशी त्यासाठी पेटी असते, आता ऑनलाइनही भरता येते. जपानी माणूस रात्री घरी आला नाही तर घरचे पोलिसांत जातात. हॉटेलात एकटा उतरलेला पाहुणा परतला नाही, हे खोली सोडायची वेळ उलटेपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही.