नारळाला हात लावण्याआधी

आज सकाळी देवळात जे ऐकलं ते दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल. वेळ असेल तरच वाचा.

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. जत्रेच्या वर्गणीसाठी देवळात बैठक होती. बैठक संपली, चहा आला आणि बोलणं पुढच्या निवडणुकीवर गेलं. कोणीतरी म्हणालं, यावेळी मत मागायला येईल त्याच्याकडून आधी देवासमोर वदवून घ्या, पक्ष सोडणार नाही म्हणून. त्यावर आमच्या शेजारच्या घरातला मुलगा पटकन म्हणाला, "शपथ घेतली म्हणून काय झालं? मागाहून देवाला परत विचारायचं. देव कोणाला नाही म्हणतो?"

सगळे हसले. भटजी गर्भकुडीच्या दारात बसले होते, तेही हसले.

मुलगा वाईट नाही. बावीस-तेवीस वर्षांचा आहे, जत्रेत मांडव घालण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळ्यात पुढे असतो. त्याच्यावर राग नाही माझा. पण ते वाक्य त्याच्या तोंडात कुठून आलं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरी आम्ही हसलो, याची चीड आली.

२२ जानेवारी २०२२. गोवा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. काँग्रेसने आपल्या उमेदवारांना बसमधून फिरवलं. पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस म्हणजे क्रूस, बेतीचा दर्गा. तिन्ही ठिकाणी हात जोडून शपथ, निवडून आलो की पक्ष सोडणार नाही. १० मार्चला निकाल लागला, चाळीसपैकी अकरा आले. १४ सप्टेंबरला त्यातले आठ भाजपमध्ये गेले. सहा महिने आणि चार दिवस. त्या आठांत दिगंबर कामत होते, राज्याचे माजी मुख्यमंत्री. शपथेचं काय, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले की मी देवळात जाऊन देवाला विचारलं, आणि देवाने तुला योग्य वाटेल ते कर असं सांगितलं. अशा अर्थाचं बोलले. गोव्यातल्या प्रत्येक घरात ते ऐकलं गेलं.

त्या दिवशी माझे वडील हयात असते तर त्यांनी टीव्ही बंद केला असता.

वडिलांची गोष्ट सांगतो. आमच्या कुळागराच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेला चार माड होते. मेरेवर, म्हणजे हद्दीवर. ते आमचे की शेजाऱ्याचे, यावरून मी सहावीत असताना भांडण लागलं. आजोबा सांगून गेले होते की ते आपले. शेजारी म्हणायचे आमचे. मेरेचा जुना दगड कोणीतरी कधीतरी हलवलेला. मामलेदाराकडे जायला दोघांकडेही पैसे नव्हते, म्हणून ठरलं की देवळात निकाल लावायचा. पद्धत साधी होती. तळीत, म्हणजे देवळाच्या तलावात, बुडी मारायची, ओल्या पंचानेच वर यायचं, देवासमोर ठेवलेल्या नारळाला हात लावून म्हणायचं की माड माझे. म्हटलं की माड तुमचे. पुढे कोणी ब्र काढायचा नाही.

वडील बुडी मारून आले. मी सभामंडपाच्या खांबाला धरून उभा होतो. त्यांच्या पंचाचं पाणी फरशीवर टपकत होतं, त्याची ओळ तळीपासून त्यांच्या पायांपर्यंत आलेली दिसत होती. समोर नारळ, त्यावर तुळशीचं पान. त्यांनी हात पुढे केला. नारळापासून वीतभर अंतरावर तो थांबला. किती वेळ थांबला ते आठवत नाही, मला फार वेळ वाटला. मग हात मागे घेतला आणि म्हणाले, "बापायन सांगलें म्हूण म्हाका खबर. हांवें स्वता पळोवंक ना. नाल्लाक हात कसो लावूं?"

वडिलांनी सांगितलं म्हणून मला माहीत, मी स्वतः पाहिलेलं नाही. एवढंच. आणि चार माड गेले.

आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. चार माड म्हणजे काय हे ज्याच्याकडे आहेत त्यालाच कळतं. नारळ काढणारा पाडेली दर तीन महिन्यांनी यायचा, त्या नारळांत आमच्या वह्या-पुस्तकं निघायची. त्या वर्षी मला बहिणीची जुनी पुस्तकं कव्हर घालून मिळाली.

आता मला कोणी सांगा, मी हसू कसा?

माझा आक्षेप पक्ष बदलण्यावर नाही, हे आधी स्पष्ट करतो. गोव्यात राहून पक्षांतराचं नवल करणं शक्यच नाही. आमचं घर मगोचं, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचं. सिंहावर शिक्का मारणारं. १९७९ मध्ये शशिकलाताई काकोडकरांचं सरकार आपल्याच आमदारांनी पाडलं, ते दुःख वडील मरेपर्यंत सांगायचे. आमच्या फोंड्याचे रवी नाईक, ज्यांना सगळे पात्राव म्हणायचे, ते मगोतून काँग्रेसमध्ये, तिथून भाजपमध्ये, परत काँग्रेसमध्ये, परत भाजपमध्ये असे फिरले. आमच्या घरात त्यांच्यावर राग होता, आणि तरी अडल्या-नडल्याला लोक त्यांच्याच दारात जायचे, हेही खरं. माणूस कामाचा असला की लोक पक्ष विसरतात. मान्य. विचार बदलू शकतो, पक्ष कुजू शकतो, घुसमट होऊ शकते. तेही मान्य.

पण मग राजीनामा द्या ना. आमदारकी खाली ठेवा, लोकांकडे जा, सांगा की मला आता दुसऱ्या झेंड्याखाली काम करायचंय, आणि परत निवडून या. हे स्वप्नातलं बोलत नाहीये मी. हे खुद्द दिगंबर कामतांनी करून दाखवलंय! १९९४ मध्ये भाजपचे चार आमदार पहिल्यांदा विधानसभेत गेले, त्यात पर्रीकर होते, श्रीपाद नाईक होते आणि मडगावचे कामत होते. २००५ च्या सुरुवातीला त्यांनी भाजप सोडला तेव्हा आमदारकीचा राजीनामा दिला, पोटनिवडणुकीला काँग्रेसकडून उभे राहिले आणि मडगावकरांनी त्यांना परत निवडून दिलं. त्यावेळी पर्रीकरांचं सरकार गेलं, त्याबद्दल अनेकांचा राग आजही आहे. असू दे. मला त्यांचं ते पाऊल तेव्हाही चुकीचं वाटलं नव्हतं. माणूस मतदारासमोर उभा राहिला, मतदाराने हो म्हटलं, विषय संपला. दोन वर्षांत ते मुख्यमंत्री झाले आणि २०१२ पर्यंत राहिले.

आणखी एक सांगतो, म्हणजे मी एकतर्फी बोलतोय असं वाटणार नाही. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आमदार एका रात्रीत भाजपमध्ये गेले. खुद्द विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर त्यांच्या पुढे होते. पंधरातले पाच उरले. त्या पाचांत कामत होते. गेले नाहीत. पुढे विरोधी पक्षनेते झाले. तेव्हा मी याच भिंतीवर त्यांचं कौतुक केलं होतं, मनापासून. म्हणून २०२२ जास्त लागलं. ज्याच्याकडून अपेक्षाच नसते त्याचं काही वाटत नाही.

२०२२ मध्ये राजीनामा का नाही दिला? कारण द्यावा लागला नाही. कायदाच तसा आहे. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. २००३ मध्ये ती सवलत काढली आणि विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश असतील तर 'विलीनीकरण' म्हणून चालतं, एवढंच ठेवलं. आता आमच्या गोव्याचा हिशेब बघा. मार्च २०१९, मगोचे तीनपैकी दोन गेले, मध्यरात्री. जुलै २०१९, काँग्रेसचे पंधरापैकी दहा. सप्टेंबर २०२२, अकरापैकी आठ. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक काहीतरी येतात, म्हणून आठ. तिन्ही वेळा लागतील तेवढेच, एकही जास्त नाही. घुसमट अशी मोजून होते का हो? विचार बदलतो तो तराजूत घालून बदलतो?

२०१९ च्या दहांविरुद्धच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या. उच्च न्यायालयाचा निकाल शपथेच्या दिवसापर्यंतही लागला नव्हता; तो फेब्रुवारी २०२२ मध्ये आला आणि तोच निर्णय कायम राहिला. तोवर पाच वर्षांची मुदत संपत आली होती. म्हणून तर काँग्रेसला देवाकडे जावं लागलं! कायद्यात दार उघडं, सभापतीकडे वेळच वेळ, मग उमेदवाराला बांधून ठेवायला उरलं काय? देव. म्हणून महालक्ष्मी, म्हणून खुरीस, म्हणून दर्गा. ज्या पक्षाने ही कल्पना काढली त्याच्यावरही माझा रागच आहे. आपल्या माणसांवर विश्वास नसेल तर तिकीट देऊ नका. देवाला जामीन कशाला ठेवता?

आणि देवाला विचारायची रीत आम्हाला माहीत नाही असं समजू नका. आमच्याकडे विहीर खणायची तरी प्रसाद घेतात. मूर्तीला पाकळ्या लावतात, भटजी गाऱ्हाणं घालतात, उजवी पडते की डावी पडते ते सगळे टक लावून बघत असतात. चारचौघांत असतं ते. आणि पाकळी मनाविरुद्ध पडली तर माणूस गप्प घरी जातो. मी लोकांना ठरलेली सोयरीक मोडून घरी जाताना पाहिलंय. एकट्याने देवळात जायचं, एकट्याने विचारायचं, एकट्यानेच उत्तर ऐकायचं आणि ते उत्तर नेमकं आपल्याला हवं तेच निघायचं, असा प्रसाद आमच्या गावात तरी कोणी पाहिलेला नाही.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी आहे, सांताक्रूझचा. त्याची आई दर बुधवारी बांबोळीच्या खुरसाकडे मेणबत्ती लावायला जाते. त्या सप्टेंबरात तो मला एवढंच म्हणाला, "आईला काय सांगू? ती पेपर वाचत नाही हे बरं." त्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

लिहिता लिहिता आवाज चढलाय, ठाऊक आहे. थोडा थांबलो, पाणी पिऊन आलो.

कोणी म्हणेल, मतदारांनी काय केलं? बरोबर. २०१९ ला गेलेल्या दहांपैकी बहुतेक जण २०२२ मध्ये पडले, कवळेकर स्वतः केप्यात पडले. म्हणजे लोकांना राग येतो, नाही असं नाही. पण तो राग येईपर्यंत अडीच वर्षं सत्ता भोगून झालेली असते. आणि २०२२ च्या आठांचं तर भाजपला सरकार चालवायला अडलंच नव्हतं. वीस स्वतःचे, मगोचे दोन, अपक्ष तीन, चाळिसात पंचवीस होते. आठ आले नसते तरी एक दिवस सरकार हललं नसतं. मग घाई कोणाला होती? पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये कामत मंत्री झाले. शपथविधी झाला. पुन्हा शपथ. तो शब्द कानावर पडला तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवून गप्प बसलो होतो. कोणावर तरी ओरडावंसं वाटलं, पण घरात फक्त बायको होती आणि तिचा काय दोष.

मला भीती कशाची वाटते सांगतो. माणूस पक्ष बदलतो, उद्या मरतो, परवा दुसरा येतो. ते चालायचंच. पण आमच्याकडे कोर्टाच्या आधी एक कोर्ट होतं. तिथे वकील लागत नव्हता, स्टॅम्पपेपर लागत नव्हता. एक नारळ आणि ओला पंचा. तिथे माझे वडील हरले, आणि हरून घरी आले तेव्हा वाटेत प्रत्येक जण त्यांच्यासाठी बाजूला होऊन उभा राहिला. ते मी पाहिलंय. त्याच सभामंडपात आज त्यावर हशा पिकला. तो खांबही तोच आहे.

आणि आता जे सांगणार होतो ते. ते चार माड ज्या शेजाऱ्याकडे गेले, आज हसवणारा मुलगा त्याच घरातला. त्या शेजाऱ्याचा नातू. माड आपल्याकडे कसे आले हे त्याला ठाऊक नसणार, कोण सांगणार त्याला? त्याचे आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. ते मात्र विसरले नव्हते. भांडण मिटल्यानंतरच्या पहिल्या चवथीला ते स्वतः आमच्या दारात आले, हातात माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीला, बांधायची नारळांची जोडी घेऊन. काही बोलले नाहीत, उंबऱ्यावर ठेवली आणि गेले. आईने ती जोडी बराच वेळ तशीच राहू दिली. शेवटी वडिलांनी उचलली आणि माटोळीच्या मधोमध बांधली. त्यानंतर एकही चवथ चुकली नाही. आधी ते आणायचे, मग त्यांचा मुलगा, आणि गेली चार-पाच वर्षं हाच मुलगा आणतो. गणपतीला नमस्कार करतो, करंज्या खातो, जातो. त्याला वाटतं शेजारधर्म आहे.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात चारातला एक माड पडला. तीन अजून आहेत. माझ्या खिडकीतून शेंडे दिसतात.

सकाळी मी त्याला काही बोललो नाही. सगळ्यांदेखत बोललो असतो तर तो खजील झाला असता. आत्ता फोन केला, म्हटलं जेवण झालं की ये जरा, मेरेपर्यंत चालत जाऊ. "कशाला, काका? माडांचं काही आहे का?" म्हणाला.

हो म्हटलं. टॉर्च घेऊन ये.