शून्य टक्के व्याजाचं कर्ज आणि त्यातून कापलेले ९,८०० रुपये

सकाळपासून डोकं फिरलेलं आहे म्हणून लिहितो. पोस्ट लांब आहे. वेळ नसेल त्यांनी सरळ पुढं जावं.

गावातला एक पोरगा पासबुक घेऊन घरी आला. "दादा, पाहा बरं, मायं कर्ज कमी काऊन आलं?" पीककर्जाचं नवं-जुनं झालेलं, म्हणजे जुनं भरून नवं उचललेलं. १ लाख ६० हजार जमा, आणि त्याच तारखेला खालच्या ओळीत ९,८०० नावे टाकलेले. शेजारी आधी इंग्रजी अक्षरं, मग आकडे. "पीकविमा असंल," तोच म्हणाला. एक रुपयावाला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आणि आता २ टक्के भरावे लागतात, एवढं त्याला माहीत होतं. म्हणून तो आठवडाभर गप्प बसला. अरे बाबा, सोयाबीनचा हप्ता हेक्टरी हजार-बाराशेचा मामला. तुझ्या सहा एकरांचे तीन हजारही होत नाहीत. ते पैसे जीवन विम्याला गेले होते. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक सही त्या विम्याचीही घेऊन टाकली. बँकेत फोन केला तर साहेब म्हणतात, "त्यांनी स्वतःच्या संमतीनं सही केली आहे."

संमती! मृग कोरडा चालला आहे, बियाण्याच्या बॅगा कृषी केंद्रातून उधारीवर उचलल्या आहेत, आणि टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात तुमचं कर्ज अडकलेलं. अशा वेळी माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. त्याला संमती म्हणत असतील तर म्हणोत.

वरून गंमत पाहा. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेवर भरलं तर व्याज शून्य, अशी आपल्याकडे योजना आहे. नाव तिला पंजाबराव देशमुखांचं. शून्य कुठलं हो? १ लाख ६० हजारांतले ९,८०० म्हणजे सहा टक्क्यांच्या वर, तेही पेरणीआधीच.

मला मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, आठवले. जवळच्यांना ही गोष्ट पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो.

समृद्धी महामार्गात आमच्या कारंजाकडच्या बऱ्याच लोकांची वावरं गेली. सरळ खरेदी झाली, लोक पाचपट मोबदला म्हणायचे. मोठ्या बाबांच्याही खात्यात आयुष्यात पाहिली नव्हती एवढी रक्कम आली. त्याआधी याच बँकेत त्यांना कधी कोणी बस म्हटलं नव्हतं. पैसे जमा झाले आणि आठ दिवसांत साहेब पेढ्यांचा डबा घेऊन अंगणात हजर. बाजेवर बसले, ताक प्यायले, मोठ्या आईला "आई" म्हणाले. "काका, एफडीच आहे, फक्त जास्त फायद्याची." पाच लाख. मोठ्या बाबांनी आनंदानं सह्या केल्या, साहेब घरी आले याचंच त्यांना अप्रूप.

पुढच्या वर्षी पत्र आलं: दुसरा हप्ता भरा, पाच लाख.

ती एफडी नव्हती हे तुम्ही ओळखलंच असेल. दरवर्षी पाच लाख भरायची पॉलिसी होती. जमीन विकून बसलेला माणूस दरवर्षी पाच लाख आणणार कुठून? नाही भरले. आणि अशा पारंपरिक पॉलिसीत एकच हप्ता भरून थांबलं तर तेव्हाच्या नियमानं हातात काहीच येत नसे. (ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला, एका वर्षानंतरही थोडंफार परत मिळतं. आमच्या काय कामाचा?) तो अर्ज मी नंतर पाहिला. शिक्षणाच्या रकान्यात 'पदवीधर'. मोठे बाबा चौथी शिकलेले. वार्षिक उत्पन्न १५ लाख. व्यवसायापुढं 'बिझनेस'. अक्षर सुबक, आमच्या घरातल्या कोणाचंच नाही. तक्रार केली तर कंपनीनं फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं. पलीकडची मुलगी हिंदीत भरभर वाचत जाते आणि मोठे बाबा म्हणतात, "हो जी. हो जी. समजलं जी." त्या वेळी साहेब बाजूलाच बसून मान हलवत होते, हे रेकॉर्डिंगमध्ये कसं येणार?

आता काही शहाणे येतील, "वाचल्याशिवाय सही करू नये." बरोबर आहे, करू नये. तुम्ही तुमच्या होमलोनचे कागद किती वाचले होते तेवढं सांगा.

आणि विमा वाईट असं माझं मुळीच म्हणणं नाही. सरकारची वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती विमा योजना आहे, २० रुपयांची अपघाताची सुरक्षा विमा योजना आहे, दोन्हींत दोन-दोन लाखांचं संरक्षण. आमच्याच गावात एका घरात कर्ता माणूस गेला तेव्हा ४३६ वाल्यातूनच दोन लाख आले. लोकांचे ते फॉर्म मी स्वतः बसून भरले आहेत. मग या पोराला ४३६ चा काऊन नाही सांगितला? कारण त्यात कोणाचं टार्गेट भरत नाही. पहिल्या वर्षाच्या मोठ्या हप्त्यावर कमिशन असतं, शाखेची वाहवा होते, कोणाची तरी सहल होते.

खरं सांगायचं तर फोनवरच्या त्या साहेबावर मला फार वेळ रागावता येत नाही. पंचवीस-सव्वीसचा पोरगा. बापाची शेती आहे, परीक्षा देऊन लागला, घरापासून दूर खोली करून राहतो. दर संध्याकाळी वरून फोन, "आज किती लॉगिन?" म्हणजे विम्याचे किती अर्ज भरून घेतले. शून्य म्हटलं की सगळ्यांसमोर झाडतात. पीककर्ज किती वाटलं हे विचारणारा फोन वर्षातून एकदा, कलेक्टरनं बैठक लावली तर. त्याला नोकरी टिकवायची आहे. एकदा चहाच्या टपरीवर तो मला हळूच म्हणालाही होता, "दादा, मले पण बरं नाही वाटत."

पण म्हणून काय? बरं वाटत नसेल तर गठ्ठ्यातला तो एक कागद बाजूला काढून "हा ऐच्छिक आहे" एवढं तोंडानं बोलायला किती वेळ लागतो? आणि त्याच्या वर बसलेल्यांना तर सगळंच माहीत आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली. त्यात पाच हक्क आहेत, आणि त्यातला एक असा की माणसाच्या गरजेला आणि ऐपतीला साजेल तीच वस्तू त्याला विकायची. हे सगळं यांच्या परीक्षेला असतं. पाठ करून पास होतात!

नीतिमत्ता मागायची ती फक्त आमच्याकडून. बारा हजार थकले की सिबिल खराब, पुढच्या वर्षी दारात उभं करत नाहीत. आणि सरकारनंच मार्च २०२५ मध्ये संसदेत सांगितलं की दहा आर्थिक वर्षांत बँकांनी १६.३५ लाख कोटींची कर्जं राइट-ऑफ केली, म्हणजे हिशेबाच्या वहीतून काढून टाकली. राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू राहते, हे कॉमेंटमध्ये शिकवायला येऊ नका, माहीत आहे. आमच्या बारा हजारांची वसुलीही चालूच असते, फक्त आम्हाला दुसरं कर्ज मिळत नाही.

आपल्यातलेही काही आहेत, ऐपत असून भरत नाहीत, पुढच्या माफीची वाट पाहत बसतात. २०१७ झालं, २०१९ झालं, आता पुढची कधी? आहेत असे. त्यांच्यामुळे वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. पण त्या पोरानं तर वेळेवर भरलं होतं, म्हणूनच नवं-जुनं झालं ना?

यापेक्षा सावकार बरा, असं म्हणणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. सावकारानं आमच्या भागात वावरं गिळली आहेत. सहकारी बँक आपली म्हणावी तर नागपूर, वर्धा, बुलढाण्याच्या जिल्हा बँकांच्या ठेवीदारांना विचारा. नागपूरच्या रोखे घोटाळ्याचा गुन्हा २००२ चा, खालच्या कोर्टाचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. म्हणजे बँकेत जायचंच आहे, दुसरीकडे जागा नाही. हे बँकेलाही पक्कं ठाऊक आहे.

मोठे बाबा अजून तिला एफडीच म्हणतात. मागं दिवाळीत विचारत होते, "मायी एफडी कई भेटन रे?" मी काही बोललो नाही, तर तेच म्हणाले, "साहेब चांगला होता बाप्पा. त्याची बदली झाली म्हून अटकलं." पाच लाख गेले त्या माणसाचे, आणि अजून त्या पेढ्यांच्या डब्याची लाज राखतो आहे. हे लिहितानाही हात थरथरतो. शिवी द्यावी वाटते, पण ग्रुपवर बायामाणसं आहेत.

असो. कामाचं सांगतो. ज्यांचं यंदा नवं-जुनं झालं त्यांनी पासबुक छापून आणा आणि कर्ज जमा झालेल्या तारखेच्या खालची ओळ पाहा. जीवन विम्याचा हप्ता कापला असेल आणि तो नको असेल तर पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. थोडी कपात होते, बाकी पैसे येतात. कागदच मिळाला नसेल तर आधी तो लेखी मागा. अर्ज मराठीत लिहा, झेरॉक्सवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगून घरी येऊ नका, "करून देतो" वर तर मुळीच विश्वास ठेवू नका. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकटात तक्रार होते, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. अर्ज लिहिता येत नसेल तर सोमवारी सकाळी पारावर या, मी कोरे कागद आणि कार्बन घेऊन बसतो. येताना बँकेचे सगळे कागद आणा, इंग्रजी आहेत म्हणून घरी ठेवू नका.